गळ्यावरच्या चार खुणा

शेपटी लाकडी जमिनीवर आपटली. धप्. मग पुन्हा धप् धप्. इतका वेळ घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नव्हता.

पिकअपचा आवाज बर्निताच्या कानावर पडायच्या आधीच शाशने तो ओळखला होता. मोठ्या बहिणीची गाडी. अर्लिंडाताई आली की हाडूक मिळतं, एवढंच त्या कुत्र्याला ठाऊक. आज ती बंदूक घेऊन येतेय, हे त्याला कोण सांगणार?

"तूच म्हणतेस ना, मेंढ्यांचा कुत्रा घरात घ्यायचा नाही?" बर्निताची पाच वर्षांची डेझबा म्हणाली.

"आजच्या दिवस. तू लापशी खा."

निळ्या मक्याची लापशी गार होऊन तिच्यावर साय धरली होती. बर्निताने सकाळपासून तीनदा हात धुतले होते. तरी तिने ते पुन्हा घागऱ्याला पुसले.

गेल्या हिवाळ्यात चुकलेल्या कोकरामागे डेझबा कोरड्या ओढ्यात उतरली, तेव्हा तिथे तीन कोयोट होते. कोयोट हा कोल्ह्याहून दांडगा नि लांडग्याहून लबाड. कुत्र्याच्या वाटेला तो सहसा एकटा जात नाही. एक जण पुढे येऊन बागडतो, खेळायला बोलावतो, नि बाकीचे मागून पाय धरतात. आसपासचे कितीतरी कुत्रे असे खेळायला म्हणून गेले, ते गेलेच. शाश गेला नाही. पोरीला कड्याशी ठेवून तो तिच्यापुढे उभा राहिला. धापा टाकत बर्निता पोचली, तेव्हा त्याचा डावा कान गेला होता आणि पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून बर्निता पहिला घास शाशला घाली आणि मगच स्वतः जेवी.

दार उघडलं. अर्लिंडा आत आली. बंदूक तिने अजून खांद्यावरून उतरवली नव्हती.

"कुठाय तो?"

"ताई, कॉफी तरी घे आधी."

"कॉफी मागाहून. शेजाऱ्याचा निरोप मिळाला तशी निघाले, नि येताना बघूनही आलेय मी. माझी मेंढी मेंढवाड्याबाहेर पडलीय, मागची मांडी फाडलेली. आणि ह्याच्या तोंडाला बघ, रक्त! मला काय आंधळी समजतेस?"

शाश शेपटी हलवत तिच्या बुटांशी जाऊन बसला.

"एकदा मेंढी चाखलेला कुत्रा ठेवत नाहीत, बर्निता. आईने तिचा लाडका कुत्रा ठेवला नाही, तुला आठवत नसेल."

"आठवतं. पण तू मांडी पाहिलीस, गळा पाहिलास का?"

"मी कशाला? मामा बघतील. आलेत ते."

दोघी बाहेर निघाल्या, मागोमाग डेझबा नि शाश. नवाहो जमातीच्या घरांत आईच्या भावाचा शब्द शेवटचा.

विल्फर्डमामा वाड्यापाशी उभेच होते. रोज उजाडताना पूर्वेला तोंड करून ते मक्याचे पराग वाहत. बोटांची टोकं अजून पिवळी होती. ते मेंढीपाशी बसले. कडकड आवाज आला.

"गुडघे माझे," ते म्हणाले. "मेंढी नाही उठली."

कुणी हसलं नाही. डेझबाने शाशच्या मानेला मिठी घातली होती. बर्निताने तिचा खांदा घट्ट धरला.

मामांनी गळ्यावरची लोकर बोटांनी बाजूला सारली. बराच वेळ ते बघत राहिले.

"चार. दोन वर, दोन खाली." त्यांनी मान हलवली. "कुत्रा मागून फाडतो. गळा धरतो तो कोयोट. आणि हा मोठाच नेटका कोयोट दिसतोय. माझ्या आईचे टाकेसुद्धा इतके सरळ नसत."

"मग मांडी?" अर्लिंडाने विचारलं.

"शाशने ओढून सोडवायला पाहिलं असेल. एकाने इकडून ओढली, एकाने तिकडून. फाटणारच. आणि तोंडालाही लागणारच."

अर्लिंडाने बंदुकीतून गोळ्या काढल्या.

"रस्ताभर एकच म्हणत होते, माझ्या हातून नको, माझ्या हातून नको," ती म्हणाली. मग खाली बसून तिने शाशचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मर मेल्या, कानतुट्या! जीव घेतलास माझा." डोळे पुसत तिने पट्ट्याचा सुरा काढला. "कातडं तरी सोडवते. आईच्या कळपातली लोकर आहे."

बर्निता चटकन तिच्या नि मेंढीच्या मध्ये सरकली.

"नको," मामा म्हणाले. "कोयोटचं तोंड लागलंय. मांस नको नि कातडंही नको. आहे तशीच पुरायची. मी पुरतो."

"पण मामा..."

"मी पुरतो म्हटलं ना."

सुरा म्यानात गेला. मामा उठले. जाता जाता त्यांनी शाशच्या नसलेल्या कानाच्या जागी आपलं पिवळं बोट टेकवलं.

"रात्री ह्याला बांधत जा," ते बर्निताला म्हणाले. "आणि पुन्हा मेंढी पडली तर मला बोलावू नकोस. म्हातारे डोळे आहेत, एकदाच चालतात."

"हो, मामा."

पिकअप गेली. उन्हं दारातून आत आली. शाश अर्लिंडाने दिलेलं हाडूक चघळत होता. बर्निता त्याच्या पाठीला पाठ लावून जमिनीवरच बसली आणि पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. तिने ताईचे मनोमन आभार मानले. ह्या सकाळचे मानले. मामांच्या म्हाताऱ्या डोळ्यांचेसुद्धा मानले.

डेझबा वाडगं घेऊन तिच्या मांडीत येऊन बसली. दोन चमचे खाऊन झाल्यावर तिने मान वर केली.

"आई, मी खिडकीतून बघत होते. पहाटे तू दाभणाने मेंढीच्या गळ्याला भोकं पाडत होतीस ना, तेव्हा मामाआजोबा तुझ्या मागेच उभे होते. ते तुला ओरडले का नाहीत?"