कान बंद केल्यावर

“आता भ्रामरी. अंगठ्यांनी कान बंद करा, ओठ मिटा आणि गुणगुणा,” योगवर्गाच्या बाई म्हणाल्या. वनमालाताईंचे हात मांडीवरच राहिले.

गळ्याच्या ऑपरेशननंतर कुजबुजण्यापलीकडे त्यांच्या घशातून काही निघालं नव्हतं. “आवाज येईल, कदाचित येणारही नाही,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून ताईंनी भीतीने प्रयत्नच सोडला होता. इथे ओंकाराला त्या नुसते ओठ हलवायच्या. वीस जणींच्या आवाजात ते खपून जायचं. भ्रामरीत मात्र फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो. नसला, तर तेही कळतं.

“ताई, हात उचला ना!”

त्यांनी अंगठे कानांवर दाबले. पहिल्या श्वासाला आत नुसती धडधड. दुसऱ्या श्वासाला बारीकशी गुणगुण ऐकू आली. ही शेजारणीचीच, फटीतून शिरली असणार, म्हणून त्यांनी अंगठे आणखी घट्ट दाबले. गुणगुण कमी व्हायच्या ऐवजी वाढली, डोक्यात घुमू लागली.

घाबरून त्यांनी डोळे उघडले. बाकीच्या जणी कधीच थांबल्या होत्या आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

गुणगुण अजून चालूच होती.