आठ दिवसांचं पुस्तक

"आईला प्रवासाचं पुस्तक निवडायला सांगू नकोस," नणंदेनं फोनवर बजावलं होतं. "ती पुस्तकात इकडून शिरली की तिकडून कुठे बाहेर पडेल, नेम नाही."

सूनबाईनं ते हसण्यावारी नेलं. समुद्रातलं एक बेट, आठ दिवसांची सुट्टी. त्यात एका पुस्तकानं बिघडून बिघडणार काय?

आता पुस्तकांच्या दुकानात येऊन तास झाला होता. सासूबाई बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्या एकाच बेटाची पाच पुस्तकं त्यांच्यापुढे उघडी पडली होती. तेरा महिन्यांचं बाळ सूनबाईच्या कडेवर पेंगत होतं. ती एका हातानं पानं उलटत होती आणि डोळ्यांनी कपाटाचे कोपरे मोजत होती, जाग आली तर कुठे डोकं आपटेल म्हणून. प्रत्येक पुस्तकात ती एकच गोष्ट शोधत होती, दवाखाना.

"दोन थर्मामीटर घेतलेस म्हणे बॅगेत," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "एकाला ताप आला तर दुसऱ्यानं मोजायला?"

"असू द्या हो, आई."

सासूबाईंनी तीस वर्षं बसडेपोच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. कुठली गाडी कुठे बदलायची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. स्वतः मात्र खिडकी ते घर आणि घर ते खिडकी. समुद्राचे रंगीत फोटो त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. थेट वेळापत्रकावर गेल्या.

"हे बघ. बस पावणेनऊला धक्क्यावर पोचते आणि बोट नऊला सुटते म्हणे. पंधरा मिनिटांत सामान उतरवा, तिकीट काढा, चढा! हा बाबा कधी बोटीत बसलेलाच नाही. घरी बसून लिहिलंय." पुस्तक बाद.

"आजी, ही वाचायची पुस्तकं आहेत, तपासायची नाहीत," दुकानदार म्हणाला.

"मला आजी म्हणायचा हक्क एकालाच आहे," त्यांनी बाळाकडे बोट केलं. "आणि त्याला अजून बोलता येत नाही."

शेवटी सूनबाईला हवं ते सापडलं. पातळ, चकचकीत, मागच्याच पानावर दवाखान्याचा नंबर. "आई, हे घेऊ या. आठ दिवसांना पुष्कळ आहे."

सासूबाईंचं लक्षच नव्हतं. सगळ्यांत जाडं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि बोट एका ओळीवरून सावकाश सरकत होतं. सूनबाई वाकली. महिन्याच्या भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या. प्यायचं पाणी कुठल्या विहिरीचं. पावसाच्या महिन्यांत कुठल्या गल्लीत पाणी भरतं.

"पावसाचे महिने कशाला वाचताय? आपण तर आठच दिवस..."

"तुम्ही आठ दिवस," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढला. "मी खोली घेऊन राहीन म्हणते. पेन्शन आहे. पायही आहेत, अजून तरी."

सूनबाईनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. सुट्टी संपली की लगेचच्या सोमवारी ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. घरी बसून दीड वर्ष झालं होतं. अर्ज, मुलाखत, नवऱ्याची समजूत, सगळं पार पडलं होतं ते एकाच भरवशावर. तो भरवसा समोर स्टुलावर बसला होता.

एक वाक्य तिच्या जिभेवर आलं. आणि बाळाचं काय? तीनच शब्द पुरले असते. असल्या वाक्यांनीच सासूबाई आजवर थांबल्या होत्या. मुलाच्या परीक्षेसाठी, लेकीच्या लग्नासाठी, मग यजमानांच्या आजारपणात, ते जाईपर्यंत. त्यांना हेही वाक्य ऐकल्यासारखंच होतं. पुस्तक मिटून त्या बसल्या होत्या, अजून न आलेल्या वाक्याची वाट बघत. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तेच सूनबाईला बघवेना.

"काय बांधू मग?" दुकानदारानं विचारलं.

बाळानं झोपेत तिचा पदर मुठीत धरला. तिनं तो सोडवला नाही. हातातलं पातळ पुस्तक मात्र कपाटात परत सरकवलं.

"ते जाडं द्या," ती म्हणाली.

मग तिथेच उभ्या उभ्या तिनं त्यातला दवाखाना शोधून काढला. "एकशे बारावं पान, आई. पावसाळ्यात दवाखान्याला जाणारी बोट दुपारनंतर बंद असते. आजारी पडायचं ते सकाळीच पडा."

सासूबाई हसायला गेल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

नवरा चिडला, नणंद दोन दिवस फोनवर बोलली नाही. नवव्या दिवशी नवरा, सूनबाई आणि बाळ परत आले. प्रयोगशाळा सुरू झाली. पाळणाघरात बाळ पहिला आठवडा जाताना रडलं, आता घरी यायच्या वेळी रडतं. तिकडे पाऊस लागलाय, फोन लागतो तेव्हा लागतो.

म्हणून तुम्ही कधी त्या बेटावर उतरलात तर सूनबाईची एक विनंती आहे. धक्क्यावरून डावीकडे तिसरी गल्ली, निळं दार, वरची खोली. तिथे एक बाई एकट्या राहतात. दार वाजवा. नीट जेवतात ना, गोळ्या वेळेवर घेतात ना, खोली गळत नाही ना, एवढं जरा बघून या. परत कधी येणार, ते मात्र विचारू नका.