पट्टीवरच्या खाचा

अकोल्यात जठारपेठेतल्या आपल्या मेडिकलच्या मागे पंजाबरावांनी हौसेनं केबिन बांधली, पण एकही स्पेशालिस्ट तिथे टिकेना. दर रविवारी नागपूरहून नवा डॉक्टर यायचा आणि पेशंटच नाहीत म्हणून चिडून परत जायचा.

पेशंट यायचे. पण डॉक्टर पोचायच्या आधीच ते केबिनमधून औषध घेऊन घरी निघालेले असायचे.

प्रत्येकाच्या हातात तीच जाड काचेची बाटली, तेच तांबडं औषध. बाटलीवर डोस मोजायला आठ खाचांची कागदी पट्टी. अशा पट्ट्या पंजाबरावांच्या आजोबांच्या काळी कंपाउंडर कातरून चिकटवत.

आज त्यांनी केबिनला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. तरी दहा वाजता वरूडच्या माणिकबाई बाटली घेऊन आतून बाहेर आल्या. कुलूप कडीला उघडं लटकत होतं.

"कोन देते हे?" पंजाबराव खेकसले.

"आतले डाक्टर. तुमीच तं बसवले."

ते तणतणत आत शिरले. खुर्ची रिकामी होती. टेबलावर एक बाटली होती आणि तिच्या पट्टीची खळ अजून ओली होती.

"हे कोनाची?"

"तुमची. दुकानवाल्याले द्या म्हने."

"मले काय झालं? मी ठणठणीत आहो."

"मी बी तेच म्हनलं," माणिकबाई दारातून म्हणाल्या. "ते नुसती पट्टी कातरून राहिले होते."

पंजाबरावांनी बाटली दोनदा फिरवून पाहिली. पट्टीवर खाच एकच होती.