सगळ्या खिडक्या लाल

संगणकवाल्याचा राजीनामा मंजूर झाला. साहेबांनी पाठीवर थाप मारून तसं सांगितलं, वर आपल्या डब्यातलं बिस्किटही दिलं. कार्यालयाच्या लेखी मात्र असं काही घडलेलंच नाही, तेव्हा आपणही तो विषय सोडून देऊ.

तर संगणकवाला खुर्चीत बसला होता. समोर पडद्यावर दोन काळ्या खिडक्या. एक सरावाची, तिच्यात काहीही पुसा, कुणाचं काही जात नाही. दुसरी ॲडमिनची, तिच्यात कार्यालयातल्या सगळ्यांची खरी खाती; पुसलं की गेलंच. गफलत नको म्हणून त्याने ॲडमिनच्या खिडकीतला प्रॉम्प्ट, म्हणजे जिथे आज्ञा लिहायची ती ओळ, लालभडक करून घेतली होती. सुरुवातीलाच शब्द होते: 'जपून रे बाबा'.

मागच्या आठवड्यात ती ओळ साहेबांच्या नजरेस पडली.

"झकास! पण एकाच खिडकीत का जपायचं?"

"साहेब, दुसरीत जपायची गरजच नाही."

"असं कसं? सावधपणात भेदभाव नको. सगळ्या लाल करा."

केल्या सगळ्या लाल.

उद्या सकाळी दुसऱ्या गावातल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, तेही मंजुरीचा कागद हातात असेल तरच. साहेबांनी संगणकात एक बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. ते चहा झाल्यावर दाबणार होते. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, टेम्पो केव्हाचा दारात उभाय," बायको म्हणाली. "कपाट चढलं, शेगडी चढली, सासूबाई पुढे बसून हॉर्न वाजवतायत. तुमचं कुठे अडलंय?"

"आलोच. सरावाची खाती पुसतो नि निघतो."

फोन कानाखांद्यात धरून त्याने लाल ओळीत आज्ञा लिहिली: माझं सोडून सगळी खाती पूस. खिडकीने विचारलं, नक्की? त्याने ठोकलं, नक्की.

"अरे, हा संगणक मला ओळखत का नाही?" शेजारून साहेब ओरडले. मग हिशेबाच्या बाई ओरडल्या. मग अख्खा मजला.

सरावाची खिडकी बाजूला धडधाकट होती.

तो साहेबांचं खातं पुन्हा उघडायला गेला. त्यासाठी खातेप्रमुखांची, म्हणजे साहेबांचीच, मंजुरी हवी होती. जुनी प्रत परत आणायला गेला. तिलाही तीच. शेवटी त्याने स्वतःचा राजीनामा उघडला. 'स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येणार नाही.' हा नियम त्यानेच बसवला होता, आणि पक्का बसवला होता.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "आता इथे वरिष्ठ कोण उरलं?"

"संगणकाच्या मते मीच, साहेब."

"मग आता काय करायचं, साहेब?" साहेबांनी विचारलं.

त्याने फोन बंद केला आणि रीतसर अर्ज लिहायला घेतला.

'प्रति, कार्यालयातील एकमेव अधिकृत व्यक्ती. विषय: वरिष्ठ मिळणेबाबत. महोदय, अर्जदारास सेवेतून मुक्त होण्यासाठी किमान एका वरिष्ठाची निकड आहे. तरी असा वरिष्ठ तातडीने नेमून अर्जदारास त्याच्या हाताखाली घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'