बिनहट्टाचा कावळा

खरे कावळे संपून बरीच वर्षं झाली होती. आता सर्वपित्रीला गच्चीवर पान मांडलं की नगरपालिकेचा बॅटरीवरचा कावळा यायचा. अप्पाचे हात जोडून होतात न होतात, तोच त्याने वड्याला चोच मारलीसुद्धा.

"शिवला! आई तृप्त झाली. चला जेवायला," अप्पा म्हणाला.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या, अनसूयेच्या अंगाचा तिळपापड झाला. "तृप्त? जिने जन्मात कुणाच्या आमटीला बरं म्हटलं नाही, ती मेल्यावर एवढी गुणाची झाली?"

पूर्वी कावळा अडून बसायचा, आणि भुकेने कासावीस झालेली माणसं गेलेल्याची इच्छा पुरी करायचं कबूल करायची. आईची इच्छा घरात सगळ्यांना ठाऊक होती: तुमच्या भोळ्या भावाला, गजाला घराबाहेर काढू नका. आणि अप्पा उद्याच त्याला आश्रमात टाकून येणार होता.

अनसूयेने कावळ्याची मानगूट धरली, पोटातली बॅटरी उपसली आणि त्याला नव्या पानासमोर बसवलं. "आता शिवू दे. तोवर कुणी घास उचलायचा नाही."

वडे गार झाले. पोरं रडकुंडीला आली.

"अनू, अगं, बंद आहे ते मशीन!"

"आईसुद्धा बंदच आहे, अप्पा. म्हणून तर तुझं फावलंय."

शेवटी अप्पाने दातओठ खात हात जोडले आणि पुटपुटला, "आई, गजा इथंच राहील."

कावळा ढिम्म हलला नाही.

"तिला ऐकू नाही आलं," अनसूया म्हणाली. "मोठ्याने म्हण. खाली गजा बसलाय, त्याच्यापर्यंत जाऊ दे."