एकविसावं घर

"पंखा बंद कर ना अव्वा, सगळे तुकडे उडायलेत," मंजुश्री करवादली.

गौरम्मानं पंखा बंद केला. लातूरच्या त्या भाड्याच्या खोलीत लगेच घामाच्या धारा लागल्या. पण पोरीच्या बारावीपायी जिनं गाव सोडून इथं चूल मांडली, तिला घामाचं काय! फरशीवर कागदाचे बारके तुकडे पसरले होते. क्लासच्या सरांनी गुणसूत्रांच्या फोटोची झेरॉक्स दिली होती. रक्तातल्या पेशी ऐन विभाजनात थांबवायच्या, काचेवर टाकून रंगवायच्या, फोटो काढायचा. मग एकेक गुणसूत्र कापून लांबी, मधली चिमटलेली कंबर, आडवे पट्टे बघत जोड्या लावायच्या. तेवीस घरं, प्रत्येकात दोन. शेवटी ओळखायचं, विकार कोणता.

मंजुश्रीला तो कापतानाच ओळखू आला होता. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कात्री उचलायची, ठेवायची, उगाच पाणी पिऊन यायचं.

गौरम्मा भाताची शितं घेऊन तुकडे चिकटवायला बसली. "बाई, ह्या एकविसाव्या घरात तीन झाले की. जास्तीचं टाकून देऊ का?"

"नको!" मंजुश्री एवढ्यानं ओरडली, की कोपऱ्यात झोपलेल्या मल्लूनं कूस बदलली.

भूकंपानं दोन पोरं नेल्यावर गौरम्मानं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उलटं करून घेतलं आणि चाळिशीत हा मल्लू झाला. दहा वर्षांचा झाला तरी त्याला शर्टाची गुंडी लावता येईना. पोटुशी असताना ती ग्रहणात विळीवर दोडकं चिरायला बसली होती, एवढं सासूला पुरलं. 'हिनंच लेकराचं वाटोळं केलं' हे उठता-बसता ऐकून गौरम्मालाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

मंजुश्रीला राहवलं नाही. "अव्वा, आपल्या मल्लूचंबी असंच हाय, डाऊन सिंड्रोम म्हणतेत ह्याला. हे तिसरं पोटात गर्भ राहतानाच येतंय. ग्रहण त्याच्या लई मागून लागलं."

"म्हंजी इळीनं न्हाई?"

"न्हाई."

गौरम्मानं पदर तोंडाशी धरला आणि पोटभर रडून घेतलं. मग नाक पुसत विचारलंच, "मग ह्ये आलं कुणाकडून? माझ्याकडून, का तुझ्या बापाकडून?"

सरांनी सांगितलेलं मंजुश्रीला पाठ होतं. आईचं वय वाढलं की धोका वाढतो. बहुतेक वेळा आईकडूनच. एक बोल उतरवला, त्याच जागी दुसरा ठेवायचा?

"नुसत्या फोटोवरून कळत न्हाई ते," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते; पण आईकडे बघवेना.

गौरम्मा मल्लूकडे बघत राहिली. मग तिनं चिकटवलेले दोन्ही तुकडे ओल्या बोटानं अलगद बाजूला केले आणि तिसऱ्याला शीत लावलं.

"दोघं जरा सरकले की बसतंय बघ. जागा हाय."