काही केल्या बिघडेना

कल्याणीच्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत चालत होतं आणि तेच तिचं दुखणं होतं. तिने बनवलेली कंपायलरची नवी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार कोडचा संच, गिऱ्हाइकांनी बसवली की प्रोग्राम ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून अडून बसायचा. हिच्याकडे मात्र गुणी बाळ. बिघाड दिसेचना, तर दुरुस्त काय करणार? आणि संध्याकाळी भावाची हळद!

“तुझ्याकडे जुनी लायब्ररी पडून असेल,” शेजारच्या टेबलावरचे चौबळ सर म्हणाले. “नवीच्या चुका तीच पोटात घालतेय.”

कल्याणीने जुनी पुसून टाकली. पडद्यावर लालभडक ओळ उमटली: ‘लायब्ररी सापडत नाही.’ माहेरपणाला आलेल्या लेकीकडे पाहावं तशी ती ओळीकडे पाहत राहिली.

तेवढ्यात आईचा फोन. “झालं का गं दुरुस्त?”

“नाही गं आई, बिघडलं! एकदाचं बिघडलं! आता तासाभरात निघते!”

पलीकडे आई दबक्या आवाजात बाबांना म्हणाली, “अहो, जाऊन तिला घेऊन या बरं.”